बैलांच्या गळ्यातल्या चकत्या

कापसाला सोन्याचा भाव आला त्या दिवसांत माझ्या नवऱ्यानं अमरावतीत आणि धाकट्या दिरानं अकोल्यात, एकाच वर्षी, रुईच्या गाठी बांधायचा दाब घेतला. सागवानी चौकट, मधोमध लोखंडी पेच, तो गड्यांनी फिरवायचा. दोन्ही यंत्रं मुंबईहून सुट्या भागांत आली. जोडणारा मिस्त्री आधी अकोल्याला गेला. धाकट्याचा दाब आपल्या आधी चालू होणार, हे यांना सोसवेना. मला तर मुळीच नाही. यांनी गावातला सुतार बोलावला आणि मिस्त्रीची वाट न पाहता आमचा दाब उभा केला.

हंगाम लागला आणि आमचे नट ढिले पडू लागले. सकाळी आवळावेत, तर दुपारी चौकट करकरायची. गाठी पोटाशी फुगलेल्या निघत. अंजनगावाहून रुई पाठवणारा व्यापारी एक दिवस गाठीवर हात आपटून म्हणाला, "हे गाठ हाये का गादी? पुढच्या खेपेले अशीच निघाली तर माह्या साऱ्या गाड्या अकोल्याले जातीन, बाई."

दुसऱ्या कोणाकडे गेल्या असत्या तर मी गप्प बसले असते. अकोल्याला म्हणजे जावेकडे. तिचं सगळंच घट्ट बसे: लुगड्याचा काष्टा, अंबाडा, सासूच्या मनातली जागा.

तिच्या पोरीच्या बारशाला मी अकोल्याला गेले. पाळणा म्हणून होताच म्हटलं, "तुझा दाब तर दाखव."

"पाहा नं जाऊबाई. आमच्याले तर हातबी लावा लागत नाही. तुमचा म्हने रोज आवळा लागते? काहून?"

"अमरावतीची हवा," मी म्हटलं.

"हो नं, हवाच असन," ती म्हणाली, आणि मागे उभ्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या.

तापल्या कानांनीच मी चौकटीभोवती फिरले. प्रत्येक नटाखाली तळहाताएवढी लोखंडी चकती होती, मधे भोक पाडलेली. तिच्या भोवतीचं लाकूड कोरं, सपाट. आमचे नट थेट सागवानावर बसलेले होते आणि दर दाबाला थोडे थोडे आत रुतत होते. तो खळगा मी रोज पाहत होते. नट रुतला की बोल्टाचा ताण जातो, आणि ताण गेला की पुढच्या हिसक्याला नट फिरतो. रुंद चकतीवर तोच भार पसरतो. लाकूड दबत नाही, ताण टिकतो, नट जागचा हलत नाही.

अशा चकत्या मी कुठं पाहिल्या तेही आठवलं. यंत्राबरोबर आलेलं एक पोतं उरलं सामान म्हणून यांनी गोठ्यात टाकलं होतं. पोळ्याला गाडीवानानं त्यातल्या चकत्या दोरीत ओवून आमच्या बैलांच्या गळ्यात घातल्या. चालताना छान वाजायच्या. लोकांनी वळून वळून पाहिलं होतं.

घरी पोचले ती थेट गोठ्यात.

"अवं, बैलाईचा साज काहून काढून राहिली?" यांनी विचारलं.

"तुमच्या भावानं हा साज नटाखाली घातला आहे."

ते पाना घेऊन आले. चकत्यांनी जुने खळगे झाकून टाकले. पहिल्या काही गाठी काढल्यावर नट पुन्हा एकदा आवळून घेतले. त्यानंतर ते हलले नाहीत.

पुढच्या खेपेला व्यापाऱ्यानं गाठीवर हात आपटला आणि कळ आली म्हणून झटकला.

"आता झाली गाठ. अर्ध्या गाड्या इथं, अर्ध्या अकोल्याले."

यांनी हात जोडले. मी दारातूनच विचारलं, "जास्त घट्ट कोणाची? आमची की तिची?"

"दोनी सारख्याच, बाई."

हे दिवसभर खुशीत होते. मला सारख्या नको होत्या.