तिसऱ्या मजल्यावरच्या मॅडम

हॉटेलात वेटरांच्या मुकादमाला कॅप्टन म्हणतात. या कॅप्टनची जीभ कामावर साखरेत घोळलेली असे. पाहुण्याने सूप गार आहे म्हणून वाडगा आपटला तरी हा कमरेत वाकून "माफ करा, लगेच बदलतो" म्हणायचा. ती साखर हॉटेलातच संपत असल्यामुळे घरी बायकोच्या वाट्याला नुसते हुंकार येत. भाजीत मीठ कमी पडलं तर मात्र तिला अख्खं वाक्य ऐकायला मिळे.

साथ आली, हॉटेल ओस पडलं, आणि मालकांनी खोल्या सौम्य लागण झालेल्या रुग्णांसाठी देऊन टाकल्या. मॅनेजरसाहेबांनी आपल्या घरच्या सोफ्यावर बसून फोनच्या पडद्यावरून व्याख्यान झोडलं, "संकटात हॉटेलनं वाकायचं, मोडायचं नाही!" वाकायचं कोणी, हे सांगायची गरज नव्हती. अर्ध्या लोकांना घरी पाठवलं होतं. उरलेल्यांनी त्यांची कामं उरकायची आणि मुक्कामही हॉटेलातच करायचा. लग्नाच्या हॉलमध्ये चादरी वाळू लागल्या. ताट दाराबाहेरच्या स्टुलावर ठेवायचं, टकटक करायची आणि मागे सरायचं. शिवाय रुग्णाला रुग्ण म्हणायचं नाही, पाहुणे म्हणायचं. फोनवर 'सर' आणि 'मॅडम' सुटता कामा नये. एवढा शिष्टाचार पाहून साथीला नक्कीच धडकी भरली असणार.

अशात एके सकाळी कॅप्टनची बायकोच तिसऱ्या मजल्यावर दाखल झाली. ऐकून तो यादीत तिचं नाव शोधू लागला. तेवढ्यात तिच्या खोलीतून फोन आला, आणि हा सवयीने बोलून गेला, "नमस्कार मॅडम, काय सेवा करू?"

पलीकडून बायकोने आधी नंबर बरोबर लागलाय ना, ते विचारलं. मग बायको म्हणाली, "गरम पाणी मिळेल?"

मिळालं, तेही लिंबू पिळून. मग सूप गेलं, जादा उशी गेली, आणि दर ताटामागे "आता बरं वाटतंय ना, मॅडम?" ही चौकशी. बायकोचा ताप उतरला. हे सगळं आपल्या सेवेमुळेच झालं, असं कॅप्टनने मनाशी ठरवून टाकलं.

तिला घरी सोडायच्या दिवशी तो मास्क लावून तिच्या दाराशी गेला. "चल घरी. मलाही रजा मिळालीय."

"मी ताईकडे जाणार आहे."

"ताईकडे? आणि घर?"

"घरी तापानं फणफणले होते तेव्हा तुम्ही फोन केलात. काय विचारलंत? इस्त्रीचे शर्ट आणलेस का!"

कॅप्टनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "चुकलं माझं, मॅडम."

"मॅडम नको. घरच्या आवाजात म्हणा."

त्याने घसा खाकरला. तोंड उघडलं, मिटलं. घरच्या आवाजात हे वाक्य त्याने कधी म्हटलंच नव्हतं, त्यामुळे कुठून सुरुवात करायची तेच त्याला कळेना. बायकोने थोडी वाट पाहिली आणि पिशवी उचलली.

खाली तिची बहीण गाडी घेऊन आली होती. कॅप्टनने पुढे होऊन दार उघडून धरलं, आणि निघणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला म्हणायचं ते तोंडातून निघून गेलं, "पुन्हा या."

आजवर हजारोंना म्हटलं होतं. रडू मात्र आजच आलं.

"बघू," म्हणत बायकोने काच वर केली.