आगरदांड्याचा येऊंद्या

मुंबईहून मोठी गाडी घेऊन कुणी आगरदांड्याच्या जेट्टीवर आलं, की आमचा येऊंद्या आधी त्याचा तोरा उतरवायचा. गळ्यात शिट्टी, पायात निळ्या स्लिपर आणि खाडीपलीकडे दिघीला ऐकू जाईल असा आवाज. "येऊंद्या, येऊंद्या, येऊंद्या... बास! आरशात काय बघताय शेठ, माज्याकडं बघा!" मग भलाभला माणूस गपगुमान त्याच्या हाताकडे बघत गाडी उलटी बोटीवर चढवायचा. त्याचं खरं नाव फक्त हजेरीच्या वेळी ऐकू यायचं. वय असेल तेवीस-चोवीस, पण रुबाब बंदराच्या मालकासारखा.

मी तिथेच तिकिटाच्या खिडकीत बसते. फटकळ म्हणून जेट्टीवर माझं नाव आहे, आणि ते खोटं नाही. तरी हा पोरगा मला पहिल्या दिवसापासून आवडला. घरच्या होडीवर जायचं सोडून तो पगाराच्या नोकरीला आला होता. "काकू, मासळी घावली तर घावली. पगार कसा, घावतोच," असं तो म्हणायचा. वडील वारले होते. होडी आता चुलतभाऊ चालवायचा. आमच्या किनाऱ्यावर मासळीचे वाटे पडतात तेव्हा माणसांच्या वाट्यांबरोबर होडीचाही एक वाटा निघतो, आणि तो मालकाच्या घरी जातो. येऊंद्याच्या आईची चूल त्या वाट्यावर चालायची. तीच मासळी ती पाटीत घेऊन जेट्टीवर विकायला बसायची.

त्याचा एक नियम होता, आणि त्यासाठी तो कुणाशीही भांडायचा. बोटीवरची शेवटची गाडी उतरल्याशिवाय नवी एकही चढवायची नाही. एकदा एका पुढाऱ्याच्या ड्रायव्हरने घाई केली आणि गाडी रॅम्पवर घुसवली. आतून टेम्पो येत होता. दोघं तोंडाला तोंड लावून उभे, मागे दोन्हीकडे रांगा, आणि हॉर्नचा नुसता कल्लोळ. येऊंद्या बॉनेटवर हात ठेवून म्हणाला, "सायेबांना सांगा, बोटीला दार एकच हाय. आधी उतरू दे, मग चढ." पुढारी स्वतः खाली उतरले आणि त्यांनी गाडी मागे घ्यायला लावली.

असा हा पोरगा एका उन्हाळ्यात अचानक मुका झाला. मोबाइल वाजला की कट करायचा. शिट्टीवर काम भागवायचा. मी विचारलं तर म्हणाला, "घसा बसलाय." मला ते काही पटलं नाही. मग एक दिवस माझाच फोन वाजला. पलीकडून कोणीतरी हिंदीत गुरकावलं, "आप उसकी चाची हो ना? पैसा भरवाओ, नहीं तो उसका ऐसा फोटो भेजेंगे कि मुँह नहीं दिखा पाओगे." मी त्याला माझ्या भाषेत जे सुनावलं ते इथे लिहिता येणार नाही. मग फोन बंद केला. तेवढ्यात त्याची आई पाटी रिकामी न करताच खिडकीशी आली. होडीला ती होरी म्हणते. "बाई, माजा बाला होरी इकाला काढतंय. गिऱ्हाईक बघून ठेवलंय त्यानं. नवऱ्याची तेवढीच आठवन हाय, न् पोट बी तिच्यावरच हाय."

दुपारी डबा खाताना मी त्याला धरला. हळूहळू सगळं बाहेर आलं. मामेभावाची हळद होती. सगळ्या पोरांनी एकसारखे कुडते शिवले, नाचायला बेंजोवाले आणले. आपल्या वाटणीचे पैसे कमी पडले म्हणून याने मोबाइलवरच्या एका अ‍ॅपवरून पगारापुरतं कर्ज काढलं. दोन मिनिटांत मोबाइलमधले सगळ्यांचे नंबर तिकडे गेले आणि पैसे इकडे आले. त्यातलेही फी म्हणून आधीच कापलेले. फेडायचं आठवड्यात, आणि पगार महिन्याचा! मग पहिलं फेडायला दुसरं अ‍ॅप, दुसऱ्यासाठी तिसरं. "पयल्याचं तोंड बंद केलं की दुसरा बोंबलतो, काकू. होरी इकली की सुटंन मी."

माझं डोकंच फिरलं. "अरे मेल्या, दिवसभर दुनियेला ओरडून सांगतोस, आधी उतरू दे, मग चढव. आणि स्वतः काय केलंस? एक उतरायच्या आत दुसरी चढवलीस, तिच्यावर तिसरी! आणि आता आईची चूल विकून रॅम्प मोकळा करणार?"

मग कितीतरी दिवसांनी तो हसला. "बोट भरली काकू. आता एकबी चढवायची न्हाय."

दुसऱ्या दिवशी त्याने जे केलं ते करायला छाती लागते. बोट लागलेली, दोन्हीकडची माणसं जमलेली. याने शिट्टी मारली आणि आपल्या जुन्या आवाजात सुरू झाला. "ऐका! मी मोबाइलवरनं कर्ज काढलंय, हळदीत नाचाया! आता ते लोक तुमाला फोन करतील, माजे घानेरडे फोटो बनवून पाठवतील. घाबरू नका, फोन कट करा. पैसे मी फेडनार हाय!" तेवढ्यात पाटीमागून त्याची आई कडाडली, "नाचताना लाज न्हाय वाटली, आता कशाला वाटंल!" आणि अख्खी जेट्टी हसली. ज्या लाजेवर ते दमदाटी करत होते, तीच त्याने चव्हाट्यावर आणून संपवून टाकली. संध्याकाळी मी त्याला मुरूडला पोलिसांत नेऊन रीतसर तक्रारही द्यायला लावली.

पैसे मी त्याला दिले नाहीत. त्यानेही मागितले नाहीत, नाहीतर मीच चौथी गाडी झाले असते. फेडायचा क्रम त्यानेच लावला. "दारातल्या मोटरसायकली आधी. त्या उतरल्या की मागच्यांना वाट." सगळ्यात लहान कर्ज आधी मिटवलं, मग त्याच्यावरचं. पण पगार पुरेना. तेव्हा जी होडी विकायला काढली होती, तिच्यावरच तो पहाटे चुलतभावाबरोबर जायला लागला. आता घरात दोन वाटे येऊ लागले, होडीचा आईला आणि हाताचा त्याला. तिथून तो थेट ड्युटीवर यायचा. एखादी पर्यटक बाई नाकाला रुमाल लावायची. "वास माजा न्हाय मॅडम, माज्या कर्जाचा हाय. कमी होतोय, येऊंद्या, येऊंद्या!" पावसाळ्यात मासेमारी बंद झाली तेव्हा पोरगं पुन्हा कोमेजेल अशी मला धास्ती होती. पण त्याने जाळी विणून दिली, लोकांच्या होड्यांना रंग लावला आणि जमेल तसा एकेक हप्ता उतरवला.

नारळी पुनवेनंतर होड्या पुन्हा पाण्यात गेल्या, आणि थोड्याच दिवसांत त्याचं शेवटचं कर्ज फिटलं. मोबाइल दाखवायला तो धावत खिडकीशी आला, आणि तेवढ्यात त्यावर त्याच अ‍ॅपचा मेसेज वाजला. अभिनंदन, तुम्हाला आता आधीपेक्षा मोठी रक्कम मंजूर झाली आहे! येऊंद्याने मोबाइल खिडकीच्या कठड्यावर उभा ठेवला, दोन पावलं मागे गेला, तळहात वर केला आणि गरजला, "बोट फुल्ल! मागं घ्या, मागं!" आणि अ‍ॅप काढून टाकलं. मी इतकी हसले की मागच्या माणसाला तिकीट द्यायचं विसरले.

नंतर न्हावा शेव्याला कंटेनर यार्डात त्याला नोकरी लागली. क्रेनवाल्याला खालून हाताने इशारे करायचे. ते काम त्याच्यासाठीच असावं. निघायच्या दिवशी तो माझ्या पाया पडला. मी म्हटलं, "ऊठ, नाटकं नकोत," आणि आत जाऊन उगाच रडले. नवा मुलगा चांगला आहे, पण त्याच्या आवाजाला गाड्या घाबरत नाहीत.

पगार झाला की येऊंद्याचा फोन येतो. कशी आहेस, जेवलीस का, असलं काही नाही. पहिला प्रश्न ठरलेला. "काकू, खिडकीतनं होरी दिसती का?"

मी मान वळवून बघते. निळा रंग दिलेली, दोरीला हलत असते.

"दिसते रे मेल्या," मी म्हणते, "दिसते."