भाट्याच्या खाडीवर पिसांचा गळ

काल भाट्याच्या खाडीवर मला तांबोशी मासळी मिळाली. दोन शेरांची तरी असेल... पण हे लिहायला बसले ते वजनासाठी नाही.

आधी थोडं मागचं सांगते. अप्पा, म्हणजे माझे वडील, पेन्शनीत निघालेले ओव्हरसिअर. विलायतेला परत चाललेल्या एका साहेबाच्या सामानाचा लिलाव झाला, त्यात त्यांनी एक फिशिंग रॉड घेतला. बांबूच्या पट्ट्या चिकटवून केलेला, पितळी रील, रेशमी दोरी आणि डबीभर पिसांच्या माश्या.

गळाला पिसं बांधून केलेल्या खोट्या माश्या त्या. पाण्यावर टाकायच्या आणि मासा फसायची वाट बघायची.

गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, अप्पा लहानपणापासून जातात. पण आपल्याकडे गरीला कोळंबी लावतात, दोरी हातात धरतात आणि झटका बसला की ओढतात. पिसांना मासा लागेल हे कोणालाच पटेना. खाडीपलीकडे माणसं नेणाऱ्या होडीचे, म्हणजे तरीचे, हसनचाचा रोज विचारायचे, "काय अप्पा, कोंबडी आणलीत ना?"

मी दिवाळीनंतर मुंबईहून बोटीने घरी आले. नर्सिंगचं शिक्षण पुरं झालं होतं आणि मंडणगडच्या दवाखान्यात नोकरी ठरली होती. डोंगरातलं गाव, राहायचं एकटीने.

आई आधी रडली, मग माझ्याबरोबर द्यायचे कपडे ट्रंकेतून काढायला लागली. अप्पा काहीच बोलले नाहीत... हो नाही, नको नाही. त्यांच्या होकाराशिवाय जायचं नाही, हे मी ठरवलं होतं. आणि दुसऱ्यांदा विचारायचं नाही, हेही.

रॉडबद्दल मात्र आम्ही भरपूर बोलायचो. रेशमी दोरीच्या टोकाला एक बारीक पारदर्शक धागा असतो, तो मी बघताक्षणी ओळखला. रेशमाच्या किड्यापासून काढलेला, ऑपरेशनमध्ये टाक्यांना वापरतात तोच. तो कोरडा असताना गाठ मारली तर गाठीशी तडकतो. आधी भिजवायचा, मऊ झाला की मग बांधायचा... अप्पा कोरडाच बांधत होते.

साहेबाच्या माश्या थंड देशातल्या. आमच्या खाडीतले मासे त्यांच्याकडे ढुंकून बघेनात. मग मी माझ्या फोर्सेप्समध्ये गळ धरून शेजारच्या पांढऱ्या कोंबडीची पिसं बांधायला लागले, लहान कोळंबीच्या आकाराची.

खाडीवरून आलं की दोरी विहिरीच्या पाण्यात धुवायची आणि पडवीत वाळत घालायची, नाहीतर मिठाने कुजते. आई सूप घेऊन उभी राहायची. "माझे सांडगे कुठं घालू? बापलेकीच्या दोरीखाली?"

टाकायची रीत सोपी दिसते, पण नाही. रॉड मागे न्यायचा, मागे गेलेली दोरी हवेत पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचं, मगच पुढे टाकायचं. घाई केली की सगळी दोरी आपल्याच टोपीवर. अप्पांची टोपी बऱ्याचदा खाडीत पडली.

हळूहळू मासे लागू लागले. पण रॉड अप्पांच्या हातात असताना लागलेला एकही काठावर आला नाही. झटका बसला की त्यांचा हात आयुष्यभराच्या सवयीने ओढायचाच... आणि धागा तटकन तुटायचा. "मला कळतं गो," ते म्हणायचे, "हाताला कळत नाही."

काल संध्याकाळी भरती अर्धी चढली होती. काठावरच्या खारफुटीच्या, चिपीच्या झाडांच्या मुळांशी पाणी आलं होतं. रॉड माझ्या हातात होता. माशी पाण्यावर पडली, जरा बुडली... आणि दोरी ताणली गेली.

मासा सरळ मुळांकडे धावला. मोकळा सोडला तर मुळांत शिरणार, धरून ठेवला तर धागा तुटणार. मी रीलच्या कडेवर बोट टेकवलं आणि दोरी जाऊ दिली, पण जड करून.

तरीसाठी थांबलेली माणसं जमली. "ओढ बाय, ओढ!" जो तो सांगत होता. हसनचाचा तर होडीतूनच ओरडले, "अप्पा, तुम्ही घ्या हातात! पोरीच्या हातचं काम नाय ते!"

अप्पा गुडघाभर पाण्यात माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. त्यांचा हात रॉडकडे आला. मागितला असता तर मी दिला असता, आणि पुढे काय झालं असतं ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

हात अर्ध्यावर थांबला. मग त्यांनी दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले.

"असू दे चाचा," ते म्हणाले. "किती सोडायचं ते तिला ठाऊक आहे."

मासा दोनदा मुळांकडे गेला, दोनदा फिरला. शेवटी आडवा होऊन उथळ पाण्यात आला. हसनचाचांनी होडीतून उतरून त्याचा जबडा उघडला, पिसं बघितली. "अरे देवा, कोंबडी खाल्लीन की हो हिने!" सगळे हसले. अप्पा सगळ्यांत जास्त.

"आता रोज एक काढायची हां बाय," चाचा म्हणाले.

"रोज कुठली?" अप्पा धोतर पिळत म्हणाले. "ती मंडणगडला चालली. दवाखान्यात नोकरी लागलीय तिला." उद्याची भरती-सुकती किती वाजता, हे सांगावं तसं सांगितलं.

मी धागा तपासत होते. मान वर केली नाही. धागा ठीक होता, एकदाच बघून कळलं होतं... तरी बराच वेळ तपासला.

घरी आईने तांबोशीचं तिखलं केलं. अप्पा डोकं खाली घालून जेवले आणि भात दोनदा घेतला. मंडणगडबद्दल पुन्हा एक शब्द झाला नाही, व्हायची गरजही नव्हती.

त्यांचे आभार मी मानलेले नाहीत. आमच्या घरात तशी पद्धत नाही... म्हणून इथे लिहिते आहे.