दहिवरातला कापूस आणि एकोणचाळिसावा प्रश्न

दीपाला इंग्रजी उतारा एका वाचनात कधी उमगला नाही. पहिल्या वाचनात शब्द कळत, दुसऱ्यात वाक्यं, तिसऱ्यात लिहिणारा आपल्या गळी काय उतरवतोय ते, आणि चौथ्यात तो कुठे फसला ते. घाटंजीजवळच्या खेड्यातली ही पोर. बी.कॉम. झाली, दोन वर्षं झेरॉक्सच्या दुकानात उभी राहिली, आणि आता एमबीएच्या प्रवेश परीक्षेच्या मागे लागली होती. गावातल्या बुद्धविहाराच्या अभ्यासिकेत दुपार दुपार बसून ती तर्काचे प्रश्न सोडवायची. ‘यामुळे ते झालं’ असं कोणी म्हटलं, की तिच्या मनात लगेच उभं राहायचं, कशावरून?

घाटंजीत घनश्याम सरांचा क्लास होता. त्यांच्या सराव परीक्षेत जो पहिला येईल, त्याला नागपूरच्या दोन महिन्यांच्या निवासी वर्गात फुकट जागा. जागा एकच. ती मिळाली तरच दीपाला नागपूर, नाही तर पुन्हा अभ्यासिका.

निकाल लागला. अमर एकेचाळीस, दीपा चाळीस. अमर म्हणजे गावातल्या नानाजींचा मुलगा. त्यांच्याच कापसात दीपाची आई मथुराबाई दर हंगामाला वेचणीला जायची.

दीपाचा एकोणचाळिसावा प्रश्न चुकला होता. उतारा असा होता, की एका तालुक्यात कापूस वेचणीची मजुरी आधी रोजाने होती. ती किलोवर केली, आणि प्रत्येक मजुराने वेचलेला कापूस वजनाने वाढला. म्हणून आधी मजूर आळस करत होते. हा निष्कर्ष कोणत्या विधानाने सर्वांत कमकुवत होतो? दीपाने ‘ड’ लिहिलं होतं: किलोवर मजुरी झाल्यापासून मजूर दव सुकायच्या आत वेचणी सुरू करतात. पेपर ज्या पुस्तकातून घेतला होता, त्यातलं उत्तर मात्र अमरने लिहिलेलं ‘ब’ होतं: काही मजुरांनी किलोच्या मजुरीला विरोध केला होता.

ती उभी राहिली. “सर, एकोणचाळीसचं उत्तर चूक आहे.”

“पुस्तकाचं?” सर हसले. “अगं, ‘ड’ तर निष्कर्षाला बळ देतो. लवकर यायला लागले, म्हणजे मेहनत वाढली. म्हणजे आधी आळसच होता ना?”

“दहिवरातला कापूस ओला असते, सर. ओला कापूस वजनात जास्त भरते. बोंडं तेवढीच, वजन वाढलं. आळसाचा संबंध कुठं आला?”

“हे बघ, उताऱ्याबाहेरचं ज्ञान आणायचं नाही. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.”

“दव हा शब्द मी नाही आणला, सर. पुस्तकानंच लिहिला. नुसतं ‘सकाळी लवकर’ लिहिता येत होतं. मग दव कायले लिहिलं? आन् बायांनी विरोध केला म्हणून काट्यावरचं वजन कमी होते का?”

मागच्या बाकावरून सलोनी म्हणाली, “दीपाबाई अजून वावरातच आहे वाटते.” वर्ग हसला. दीपा खाली बसली नाही. तिला एका मार्काचा राग एवढा नव्हता. पहाटे उठून, भाकरी बांधून, काट्याकुट्यात बोटं सोलून घेणाऱ्या बायांना छापील पुस्तकात आळशी म्हटलं होतं, आणि तीस जणांच्या वर्गात कोणाला ते टोचलं नव्हतं. त्यातल्या निम्म्यांच्या आया वेचणीला जात होत्या!

ती अमरकडे वळली. “तुह्या घरी वेचणी कधी सुरू करतेत?”

अमर घुटमळला. “दहिवर सुकल्यावर. बाबा त्याच्या आधी वावरात शिरूच देत नाही.”

“काहून?”

“वजन भरते ना मग.”

“तुले माहीत होतं! मग ‘ब’ कायले लिहिला?”

“पुस्तकवाल्याले आपल्या इथलं काय माहीत, म्हटलं,” अमर खाली बघून म्हणाला. “त्याले जे वाटन, ते लिहिलं.”

आता वर्ग हसला नाही. सरांनी पुस्तक उघडलं, मिटलं, चष्मा पुसला. “असं करू, दोघांच्या चिठ्ठ्या टाकू. ज्याचं नाव निघेल, त्याची जागा.”

“तर्काचा पेपर, आन् निकाल चिठ्ठीवर?” दीपा म्हणाली. “‘ड’ चूक असन तर का चूक ते फळ्यावर लिहा, मी खाली बसते. बरोबर असन तर मी एकेचाळीस, अमर चाळीस, जागा माझी आहे. चिठ्ठीत माझं नाव टाकू नका.”

सरांनी खडू उचलला. थोडा वेळ तो बोटांत फिरवला आणि परत ठेवला. “उत्तरसूची अंतिम,” ते म्हणाले. अमर नागपूरला गेला.

घरी मथुराबाईने डोक्याला हात लावला. “येडी झाली का वं? चिठ्ठीत नाव राहू दिलं असतं, तर अर्धी जागा तरी तुही होती!”

“अर्धी नाही, माय. पुरी माझी होती.”

मायलेकींचं दोन दिवस बोलणं नव्हतं. दीपाने परीक्षेचा अर्ज स्वतःच भरला आणि पुन्हा अभ्यासिकेत जाऊन बसली. तिसऱ्या दिवशी घाटंजीचा बाजार होता. भाजीच्या पालापाशी वेचणीच्या बाया भेटल्या, आणि मथुराबाईने सगळी हकीकत सांगितली. आळस या शब्दापाशी आली, तेव्हा तिचा आवाज लेकीपेक्षाही चढला.

“कोण म्हणते आळशी?” तानाबाईने हातातली वांगी खाली टाकली. “त्या पुस्तकवाल्याचा पत्ता आहे का पोरीपाशी? लिही म्हणा त्याले चिठ्ठी. आन् खाली आमचे सगळ्यांचे अंगठे घे म्हणा.”

“अंगठे कायले?” मथुराबाई फणकारली. “सह्या करू.”