मागेल त्याला लंगोट नाही

आमच्या तळोद्याच्या तालमीचे किस्से कापसासारखे आहेत. मूठभर घेऊन बसावं, जरा पिंजावं, की खोलीभर होतात. हल्ली दुपारी जेवून आडवा झालो की डोळा लागता लागता एकेक किस्सा तरंगत येतो. झोप कुठे लागली आणि तालीम कुठे सुरू झाली, माझं मलाच कळत नाही. घरचे म्हणतात, "नाना झोपेत हसतात!" झोपेत कशाला हसू? तालमीत हसतो!

कापसाचं नाव उगीच नाही काढलं. आमचे वस्ताद करीमचाचा पिंजारी होते. दिवसभर पिंजण चालवून लोकांच्या गाद्या-रजया भरायच्या आणि पहाटे आम्हाला लाल मातीत लोळवायचं. कितीही अंग झाडलं तरी त्यांच्या भुवयांत कापूस राहायचाच. ऊन वर आलं की कौलांच्या फटीतून एक तिरीप आत उतरायची आणि त्या तिरिपीत कापसाचा एखादा तंतू अधांतरी थांबलेला असायचा. खाली माती, मातीत मुरलेल्या हळदीचा, ताकाचा नि कापराचा वास, वर कोनाड्यात मारुती. मारुतीसमोरचा दिवा रोज करीमचाचाच लावायचे. त्यात काही वेगळं आहे असं तेव्हा कुणाच्या मनातही आलं नाही.

राज्य इंग्रजांचं होतं. शाळेत ड्रिलला खाकी हाफपँट, पट्टा असा ड्रेस होता. तालमीचा ड्रेस म्हणजे लंगोट! हसू नका. पलटणीच्या युनिफॉर्मला नसतील इतके त्याचे कायदे. लंगोट ओलांडायचा नाही. कुणाकडे फेकायचा नाही, हातात द्यायचा. बांधण्याआधी डोळ्यांना लावायचा. ज्याचा त्यानंच धुवायचा. एकदा दिलेला परत घ्यायचा नाही. आणि कुस्ती कायमची सोडली की खुंटीला अडकवून जायचं, घरी न्यायचा नाही.

नवा गडी घरून आणलेला पांढऱ्या मांजरपाटाचा लंगोट बांधायचा. मग कधीतरी वस्तादांच्या मनात आलं की ते स्वतःच्या हातानं त्याला लाल लंगोट द्यायचे. कधी आणि का, ते कुणालाच ठाऊक नसे. ठाऊक होती ती एकच गोष्ट. मागायचा नाही! ज्यानं मागितला त्याची गोष्ट सरळ पुढच्या अखाजीवर, म्हणजे अक्षय्यतृतीयेवर गेली.

आमचा चंपालाल या लाल लंगोटासाठी झुरत होता.

चंपा म्हणजे हिरालाल शेठचा मुलगा. पेठेत त्यांचं कापडाचं मोठं दुकान. घराणं मारवाडातून आलेलं, पण चंपा आमच्याशी अहिराणी अशी बोलायचा की जन्म शेतात गेला असावा. शेठना तालीम मुळीच पसंत नव्हती. "कपडा बेचनेवाले का छोरा, और बदन पर चिंधी!" हे त्यांचं वाक्य आख्ख्या पेठेला पाठ होतं. शेवटी बापलेकांत करार झाला. येत्या अखाजीपर्यंत तालीम, मग लग्न आणि दुकानाची गादी. मारवाडी बापाचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. चंपा म्हणायचा, "मी गादीवर बसेन रे, मरेपर्यंत बसेन. पण एकदा तो लाल लंगोट अंगाला लागू दे."

*

एकदा फौजदार तालीम तपासायला आले. तो काळच तसा होता, चार पोरं एकत्र दंड काढताना दिसली की सरकारला राजद्रोहाचा वास यायचा. फौजदार नवे, ड्रेस कडक इस्त्रीचा, बूट चकचकीत. ते सरळ मातीच्या कडेला येऊन उभे राहिले. पुढचं पाऊल मातीतच पडणार!

वस्ताद हात जोडून म्हणाले, "सायेब, बूट."

"सरकारी युनिफॉर्म आहे. बूट काढता येत नाहीत."

वस्तादांनी मान डोलावली. "खरं शे सायेब. ड्रेसना मान राखालेच पाह्यजे." मग ते आमच्याकडे वळले. "पोरेसहोन, सायेबना बूट निंघत नही. माती बाहेर काढा!"

आम्ही घमेली उचलली आणि खरोखर माती बाहेर न्यायला लागलो.  पाचपंचवीस घमेली अंगणात पडल्यावर फौजदार खाली बसले आणि गुपचूप बुटाच्या नाड्या सोडायला लागले. वस्तादांनी त्यांचे बूट उचलले, आपल्या उपरण्यानं पुसले आणि जोडीनं उंबऱ्याजवळ ठेवले. जाताना फौजदारांनी मारुतीला नमस्कार केला की वस्तादांना सॅल्यूट ठोकला, यावर आमच्यात अजून वाद आहे!

*

दगडू आमच्यातला सर्वांत तगडा गडी. त्याला लाल लंगोट केव्हाच मिळालेला. त्याचं लग्न झालं, आणि नव्या नवरीनं कौतुकानं नवऱ्याचे सगळे कपडे धुतले. त्यात लंगोटही! वर तो आपल्या लुगड्याशेजारी दोरीवर वाळत घातला. गल्लीभर दिसला.

दगडू रडवेल्या तोंडानं तालमीत आला. आता काय शिक्षा होते म्हणून आम्ही सगळे कान टवकारून बसलो.

वस्तादांनी विचारलं, "तिनी तुन्हा लंगोट धुया?"

"हा वस्ताद."

"मंग तू तिन्हं लुगडं धुव. फेड व्हई जाई."

तेवढा मोठा पैलवान नदीवर बायकांच्या घोळक्यात बसून लुगडं आपटतोय! लुगडं धुतलं त्यानं, पण पैलवानी हातानं. अर्धा काठ फाटला. हा न्याय वस्तादांना फार पसंत पडला होता. पण त्याचा पुढचा परिणाम त्यांच्या ध्यानात आला नाही. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या झाडून सगळ्या पैलवानांच्या बायका लंगोट शोधत होत्या. धुवायला!

*

चंपाची चूक मात्र फक्त चंपाच करू जाणे.

पोळ्याच्या आधीची गोष्ट. त्याला वाटलं, मागायचा नाही हे खरं, पण द्यायला काय हरकत? त्यानं दुकानातून लाल कापडाचं आख्खं थान खांद्यावर घातलं आणि वस्तादांच्या पायाशी आणून ठेवलं. "वस्ताद, तालमीले मन्ही भेट. समदासना लंगोट व्हतीन."

वस्तादांनी कापडावरून हात फिरवला. भुवईतला कापूस काढला. मग शांतपणे म्हणाले, "बेटा, इतलं मोठं मांगनं आजलोंग कोनी मांगं नव्हतं."

झालं! चंपाचा लंगोट गेला अखाजीवर. म्हणजे करार संपायच्या दिवसावर. 

आणि थानाचं काय केलं म्हणता? वस्तादांनी त्याच्या झुली शिवून घेतल्या आणि गावातल्या बैलांना वाटल्या. पोळ्याला बैलांची लाल लाल रांग निघाली. चंपा माझ्या कानाशी म्हणाला, "देख नाना, बैलेसले भेटना, मले नही!" तेवढ्यात भुरभुर पाऊस आला. झुलींचा रंग सुटला आणि बघता बघता गावातले बैल गुलाबी झाले! ती रांग पेठेतून जाताना शेठ दुकानाच्या पायरीवर उभे होते. त्यांनी चष्मा वर केला आणि हताश होऊन म्हणाले, "अरे, ये तो अपना माल है!"

मला अजून ते गुलाबी बैल दिसतात. स्वप्नात येतात. धूसर पाऊस, मागे सातपुडा, आणि गुलाबी बैल हळूहळू चाललेत.

*

स्वप्नांवरून आठवलं. त्या थंडीत चंपाला रोज लंगोटाचीच स्वप्नं पडायची आणि पहाटे माती उकरताना तो ती आम्हाला सांगायचा. एकदा म्हणाला, "वस्ताद लाल लंगोट दी ऱ्हायनात आनि मी बांधी ऱ्हायनू. पन कापड सरेच ना! वढस, वढस, तं त्यान्हं दुसरं टोक पार डोंगरवर!"

दगडू म्हणाला, "कापडवाल्याचं स्वप्न! गजानं मोजून घ्यायचं होतंस."

आम्ही हसलो. पिंजणाची तात तपासत वस्ताद दाराशी बसले होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, "चंपा, सपनमा मांगं का रे तू?"

चंपाचा चेहरा पांढराफटक. "नही वस्ताद! आल्लाकसम, मारुतीकसम, नही!"

"मंग बरं शे," वस्ताद म्हणाले आणि तात छेडली. टणण्ण!

*

अखाजी आली. झाडाझाडांना झोके बांधलेले, सासुरवाशिणी माहेरी आलेल्या, त्यांची गाणी दुरून वाऱ्यावर येत होती. नदीच्या वाळूत कुस्त्या. ऊन असं की समोरची माणसं पाण्यातून पाहिल्यासारखी हलत होती.

वस्ताद आले आणि आम्ही एकमेकांना कोपरानं ढोसलं. त्यांच्या खांद्यावर घडी घातलेला नवा लाल लंगोट होता! कुणासाठी ते सांगायलाच नको. पलीकडे काठावर छत्री उघडून हिरालाल शेठ उभे होते. कुस्ती संपली की मुलाला सरळ दुकानात न्यायला आले होते.

चंपाची जोड लागली अक्कलकुव्याकडच्या डोंगरातून आलेल्या वेस्ताशी. वेस्ता काटक, वेताच्या काठीसारखा. त्याच्या अंगावर जुनं, विटलेलं कापड. कुस्ती रंगात आली आणि चंपानं त्याला खाली घेतलं. आता फक्त उलथून पाठ टेकवायची. आणि तेवढ्यात चर्रकन आवाज झाला. वेस्ताचा लंगोट फाटला.

वेस्ता वाळूत पालथा पडला. दोन्ही हात फाटक्या कापडावर. चारी बाजूंना माणसं, झोक्यांवर बायका. त्याच्यानं आता लढवत नव्हतं आणि उठवतही नव्हतं. लोक ओरडायला लागले, "चीत कर! चंपा, चीत कर!"

चंपानं एकदा वस्तादांच्या खांद्याकडे बघितलं. मग तो वेस्ताच्या अंगावर पांघरुणासारखा आडवा पडला आणि ओरडला, "वस्ताद, लंगोट द्या!"

 मी डोळे मिटून घेतले. जे स्वप्नातही मागितलं नाही, ते पोरानं भर दंगलीत मागितलं!

वस्ताद वाळूतून चालत गेले. लंगोट फेकला नाही, वाकून हातात दिला. आम्ही पाठी करून कडं धरलं. चंपानं तो लाल लंगोट डोळ्यांना लावला आणि वेस्ताला बांधला. मग दोघं पुन्हा भिडले, आणि घोट पाणी प्यायच्या आत वेस्तानं चंपाला आभाळ दाखवलं!

वेस्ता लंगोट परत देतो म्हणाला. वस्ताद म्हणाले, "राहू दे भाऊ. देल्हा लंगोट परत लेतस नही." वेस्ता त्यांच्या पाया पडला आणि वर फडकं गुंडाळून डोंगराकडे निघाला. फडक्याखाली लाल काठ दिसत होता. चंपा त्याच्याकडे खूप वेळ बघत उभा होता.

संध्याकाळी चंपानं आपला पांढरा लंगोट स्वतः धुतला, वाळवला आणि तालमीतल्या खुंटीला अडकवला.  मला रडू आलं, ते मी घामात खपवलं.

*

अखाजीनंतर चंपा दुकानात बसायला लागला. पांढरंशुभ्र धोतर, डोक्याला पगडी, हातात गज. एके दिवशी मी समोर पायरीवर बसून होतो. दुपारची वेळ, पेठ पेंगत होती. कोपऱ्यात शेठ लोडाला टेकून डुलक्या घेत होते.

वस्ताद आले.

करीमचाचा कधी कुणाच्या दुकानाची पायरी चढत नसत. गाद्यांची खोळ, कापूस, सगळं लोक त्यांच्या दारी आणून द्यायचे. आज ते बाहेर चपला काढून आत येऊन उभे राहिले. भुवयांत कापूस होताच.

चंपा धडपडत उठला. "बठा वस्ताद. काय पाह्यजे?"

"मांगाले उनू," वस्ताद म्हणाले. वस्ताद आणि मागायला! "एक लंगोटनं लाल कापड फाड."

चंपानं मान खाली घातली. गज सरळ धरून विचारलं, "कोन्हासाठे, वस्ताद? माप काय लेऊ?"

"माप तुन्हंच ले."

चंपाच्या हातातला गज खाली पडला. तो वळला. डोळ्यांत पाणी, समोरचं काही दिसत नव्हतं. हात वर करून त्यानं फळीवरचं पहिलं लाल थान ओढलं.

मागून शेठ कडाडले, "अरे, वो नहीं रे! वो रंग छोडता है. अंदरवाला निकाल, पक्का लाल!"