मार्थाबेनच्या वर्गातले कर्ण

उत्तरायण, म्हणजे गुजरातेतली पतंगांची संक्रांत, तोंडावर आलं की खंभातच्या चुनारवाड्यातल्या शाळेत भूमिती काढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पण मी पडलो भाषेचा मास्तर, मला कोण विचारतो! आणि ज्यांना विचारायला हवं त्या मार्थाबेन मॅकवान. आपल्याला कोणी काही विचारेल ही आशा त्यांनी कधीच सोडून दिली होती. दर थंडीत त्या पाचवीच्या वर्गात बिंदूपासून उजळणी सुरू करत, रेषा, कोन, त्रिकोण, चौरस असं करत कर्णापर्यंत पोचत, आणि तिथे दरवर्षी त्यांची गाडी अडकत असे.

पेटलादकडच्या एका खेड्यातून त्या रोज बसनं येत. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी वडोदऱ्याला दवाखान्यात नर्स. गुडघे इतके दुखत की शाळेच्या चार पायऱ्या चढून आल्या की पहिली पाच मिनिटं त्या कुणाशी बोलतच नसत. मीही मग त्यांच्याशी बोलत नसे. डब्यात बाजरीचा रोटला आणि वांग्याची भाजी, वर्षानुवर्षं तीच. एकदा मी म्हटलं, "मार्थाबेन, वांग्याला कंटाळा येत नाही का हो?" तर म्हणाल्या, "वांग्याचं राहू द्या, साहेब. मला माणसांचा कंटाळा आलाय, तुमच्यापासून सुरुवात." मला त्यांचा राग कधी आला नाही. थकलेल्या माणसाच्या तोंडून खरं तेच बाहेर पडतं.

कर्णाची अडचण अशी. चुनारवाड्यात घरोघर पतंग बनतात. दिवाळी सरली की लहानथोर सगळे कागद, काड्या आणि खळ घेऊन बसतात ते थेट उत्तरायणापर्यंत उठत नाहीत. पोरांना चौरस काढा म्हटलं की तो हमखास एका टोकावर उभा. तेही चालून गेलं असतं. पण समोरासमोरचे कोपरे जोडून कर्ण काढा म्हटलं, की पाटीपाटीवर एक कर्ण ताठ उभा आणि दुसरा धनुष्यासारखा वाकलेला. पतंगाला उभी काडी असते आणि आडवी कमान असते, हे त्यांना बोलता येण्याच्या आधीपासून माहीत. कर्ण त्यांच्या गावीही नाही.

त्या वर्षी मार्थाबेननी खडू टेबलावर टाकला आणि डोक्याला हात लावला. "अरे, रेषा सरळ असते रे! बिंदूपासून किती वेळा घोकून घेतलं? वाकली की ती रेषा नाही."

पहिल्या बाकावरून रिंकल उठली. जीवीबेन चुनाराची ही मधली पोर, बोटांना सदा खळ चिकटलेली आणि जिभेला हाड नाही. "पण बेन, सरळ बसवली तर पतंग उडणारच नाही. गोते खाईल."

"उडवायचा नाहीये बाई. मोजायचाय."

"मग उगाच कशाला काढायचा?"

सगळा वर्ग हसला. मार्थाबेन हसल्या नाहीत. मी शेजारच्या वर्गात होतो, मध्ये नुसती पत्र्याची भिंत, सगळं ऐकू येतं. मला मात्र हसू आवरेना.

हसण्यासारखं खरं तर काही नव्हतं. बाहेरचे तपासनीस येऊन पोरांना तोंडी प्रश्न विचारतात, त्यात गणितात आमची शाळा सलग दोन वर्षं तळाला होती. हेडमास्तर हसमुखसाहेबांना वरून तंबी आली होती. यंदाही तीच गत झाली तर पाचवीपासूनचे वर्ग उचलून मोठ्या रस्त्यापलीकडच्या शाळेत टाकणार. रस्ता म्हणजे मिठाचे ट्रक रात्रंदिवस धावणारा रस्ता. मुलगे जातील कसेतरी. मुली जाणार नाहीत, हे वाड्यातलं शेंबडं पोरही सांगेल. पलीकडे पोचवायला कुणाला सवड नाही आणि घरात खळ लावायला हात हवेच असतात. जीवीबेननं शाळेच्या दारात उभं राहून सांगितलंच होतं, "इथे आहे तोवर शिकवा, बेन. तिकडे गेली की माझी पोरगी घरी."

हसमुखसाहेबांनी नेहमीचा तोडगा काढला. "मार्थाबेन, कच्च्या पोरांना त्या दिवशी घरी बसायला सांगा. ती रिंकल तर नकोच."

"मग वर्ग कुणासाठी वाचवायचा?" मार्थाबेन म्हणाल्या. "तुमच्यासाठी?"



त्यानंतर मार्थाबेन ज्या हट्टाला पेटल्या, तो मी आधी कधी पाहिला नव्हता. भिंतीवर चार खिळे ठोकले, समोरासमोरच्या खिळ्यांना मांज्याचा तुकडा ताणून बांधला, आणि एकेका पोराला बोलावून त्यावरून बोट फिरवायला लावलं. "वाकलाय? नाही ना? हा कर्ण. आता दुसरा." आज जमायचं. उद्या सकाळी, रात्रभर घरी कमानी चिकटवून आलेली तीच पोरं पुन्हा धनुष्य काढायची. पुसा, पुन्हा काढा. बेनचा घसा बसला. मधल्या सुट्टीत त्या माझ्यासमोर डबा उघडून नुसत्याच बसून राहत.

"सोडा ना," मी एकदा म्हटलं. "वर्षभरात निवृत्त व्हाल. एवढा जीव काढून काय करायचंय?"

"काही नाही," त्या म्हणाल्या. "घरी जाऊन झोपायचंय."

पण पोरं सुधारली. शेवटी शेवटी सगळ्यांच्या पाटीवर दोन्ही कर्ण सरळ यायला लागले, रिंकलचेसुद्धा. ती फक्त कुरकुरायची, "असला पतंग कुणी फुकट दिला तरी घेणार नाही." आता एकच गोष्ट उरली होती. पट्टी लावून दोन्ही कर्ण मोजायचे आणि चौरसात ते सारखे भरतात हे बघायचं. ते तपासणीच्या आदल्या दिवशी शेवटच्या तासाला ठेवलं होतं.

त्या दिवशी मी त्यांच्याकडे डस्टर मागायला गेलो. उत्तरायणाला दोन-तीन दिवस राहिलेले, वाड्यात कामाचा कडेलोट झालेला. अर्धा वर्ग बसल्या जागी पेंगत होता. रिंकलच्या हातात पट्टी होती आणि तोंड पाटीवर. मार्थाबेननी तिच्या खांद्याला हात लावला, तर पोर दचकून म्हणाली, "झालंच आई, एवढीच गड्डी राहिलीय."

मार्थाबेननी तिच्या हातातली पट्टी काढून घेतली. मग वर्गाला म्हणाल्या, "पट्ट्या ठेवा. डोकी बाकावर. घंटा होईपर्यंत कुणी उठायचं नाही."

"आणि मोजमाप?" मी हळूच विचारलं.

"तुम्ही डस्टर घ्या आणि जा."

दुसऱ्या दिवशी तपासनीस आले. माणूस वाईट नव्हता, पोरांशी गोडच बोलला. चौरस काढून घेतला, कोन विचारले, कर्ण काढून घेतले. फळ्यावर रिंकलनं असे सुरेख सरळ कर्ण काढले की दारात उभा असलेला मी मनातल्या मनात देवाला नारळ बोलून बसलो. मग त्यानं विचारलं, "शाबास! आता सांगा, या दोघांतला कोणता मोठा?"

रिंकल फळ्यापाशीच होती. तिला विचारच करावा लागला नाही. "कमान," ती ठणठणीत आवाजात म्हणाली. "कमानीची काडी नेहमी मोठी घ्यायची, म्हणजे वाकते." मग तपासनीस एकेकाला उठवत गेला आणि प्रत्येकानं तिच्याकडे बघून तेच सांगितलं. कमान. कमान. कमान. उत्तर चूकच होतं. फळ्यावरचे कर्ण सारखे होते आणि ते कुणी मोजलेच नव्हते.

निकाल उन्हाळ्यात लागला. वर्ग पलीकडे जाणार हे नक्की झालं. आम्हा शिक्षकांची पलीकडच्या आणि आसपासच्या शाळांत वाटणी ठरली. ज्येष्ठ म्हणून मार्थाबेनना पहिली निवड मिळाली, आणि त्यांच्या स्वतःच्या गावच्या शाळेत जागा रिकामी होती; कागदावर फक्त त्यांची सही व्हायची होती. घरापासून शाळा दिसते. शेवटचं वर्ष बसची दगदग नाही, मोठा रस्ता नाही. मला फार बरं वाटलं. कुणाचं तरी भलं झालं म्हटलं.

सामान आवरायच्या दिवशी जीवीबेन आली. पदरानं घाम पुसत म्हणाली, "बेन, माझी पोरगी धड जेवत नाही. म्हणते, मी पहिली बोलले म्हणून शाळा गेली. वाड्यातली पोरंही तिला तेच चिडवतात. तुम्ही एकदा सांगा."

गुडघे धरत मार्थाबेन निघाल्या, सोबत म्हणून मी. उत्तरायण सरल्यापासून वाड्यात आलेली मरगळ अजून तशीच होती. रिंकल ओट्यावर बांबू तासत बसली होती. आम्हाला बघून तिनं मान खाली घातली.

मार्थाबेन हळूहळू तिच्या शेजारी टेकल्या. "वर बघ. शाळा तुझ्यामुळे नाही गेली. ते मोजमाप मी घेतलंच नाही. तुम्हाला झोपू दिलं. जे शिकवलं नाही ते तुला कुठून येणार?"

रिंकलनं वर पाहिलं. "म्हणजे तुमच्यामुळे गेली?"

"मार्थाबेन..." मी मध्ये पडायला गेलो. त्यांनी हातानंच मला गप्प केलं.

"हो," त्या म्हणाल्या. "माझ्यामुळे."

 लहान मुलं हिशेबात दयामाया दाखवत नाहीत. "मग आम्हाला पलीकडे तुम्हीच न्या."

जीवीबेननं जीभ चावली. "गप गं! बेनचे पाय बघितलेस का?"

मार्थाबेननी पाय बघितले, स्वतःचेच. त्या किती दमल्या आहेत हे त्या ओट्यावर मला जेवढं दिसलं तेवढं कधीच दिसलं नव्हतं, आणि मला त्या पोरीचा मनापासून राग आला.

"सकाळी लवकर निघावं लागेल," त्या रिंकलला म्हणाल्या. "मला रस्ता ओलांडायला वेळ लागतो."