तीनदा म्हणवून घेतलेलं वाक्य

मी खेळातली माणसं बोलकी करतो. नर्सिंगच्या मुलींना शिकण्यासाठी मोबाईलवर जे खेळ असतात, त्यातले पेशंट, नातेवाईक आणि त्यांच्या तोंडची वाक्यं मी लिहितो. कंपनी पुण्याची, मी चौसाळ्यात घरी. गावाला वाटतं, हा दिवसभर गेम खेळत बसतो. त्यावर भांडणं मी आता सोडून दिलंय.

एका खेळात मी गुडघेदुखीसाठी आलेली म्हातारी लिहिली होती. तिचं खरं दुखणं म्हणजे छातीतली गाठ. पण लेक शेजारी आहे तोवर ती "बाकी काई न्हाई, बरं हाय" एवढंच म्हणते. बरेचदा तिच्या वतीने लेकच उत्तर देऊन टाकतो. खेळणाऱ्या मुलीने काही निमित्त काढून लेकाला बाहेर पाठवलं, तरच म्हातारी तोंड उघडते. ती मुलगी लेकाशीच बोलत बसली, तर तिचे गुण कापले जातात. आपल्याकडच्या बायका दुखणं कसं लपवतात ते मला बरोबर कळतं, असा माझा तोरा होता.

पुण्याहून म्हातारीच्या वाक्यांचं रेकॉर्डिंग आलं, ते ऐकून माझं डोकंच फिरलं. त्या बाईने जन्मात कधी शेण उचललं नसावं. मग मी माझ्या मायलाच बसवलं. पंखा बंद केला, दोघांच्या डोक्यावरून गोधडी घेतली आणि मधे मोबाईल धरला. मी वाक्य सांगायचं, तिने म्हणायचं.

गाठीचं वाक्य आलं. मी एवढंच लिहिलं होतं, "छातीत गाठ लागती हाताला." माय जरा थांबली आणि म्हणाली, "गाठ हाय बाई छातीत. दिवाळीपासून हाय. पन लेकाला कसं सांगू?"

मी उडालोच. "माय, लई भारी! अजून एकदा म्हन." तिने म्हटलं, तेवढ्यात रस्त्यावरून ट्रक गेला. मी परत म्हणायला लावलं. तिसऱ्या वेळी तिचा आवाज अगदी खाली गेला. मी तोच ठेवला. पुण्याच्या लोकांना तो फार आवडला. "तू तर नटी निघालीस," मी म्हणालो. ती हसली आणि भाकरी थापायला गेली.

उन्हाळ्यात तिचे गुडघे खरंच धरले, म्हणून बीडला दवाखान्यात नेलं. नर्सने विचारलं, "आजी, आणखी काही त्रास?" मायने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "बाकी ठणठणीत आहे." लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय. येताना मांजरसुंब्याला चहाला थांबलो. गुडघ्याचं काम झालं म्हणून मी खुशीत होतो. माय बशीत चहा ओतत राहिली.

पोळ्याला बहीण माहेरी आली. मायला न्हाऊ घालताना बहिणीच्या हाताला छातीतली गाठ लागली. पुन्हा बीड, तपासण्या, रिपोर्ट. माय समोर बसलेली असताना डॉक्टर माझ्याशीच बोलले. उशीर झालाय म्हणाले, होईल तेवढं करू म्हणाले. खेळात प्रत्येक प्रश्नाखाली मी तीन उत्तरं लिहितो, त्यातलं एक बरोबर असतं.  तिथे मी नुसती मान हलवत राहिलो.

घरी आल्यावर मला स्वतःचा इतका राग आला, की तो मी तिच्यावरच काढला. "माय, येवढे दिवस मला कावून सांगितलं न्हाईस?"

ती गोधडीची घडी घालत होती.

"सांगितलं की रं," ती म्हणाली. "तीनदा सांगितलं. तूच म्हनत होतास, अजून एकदा म्हन."